अक्का, विहीणबाई आणि मुख्य खोड

दुकानांच्या पाट्या रंगविणे हा माझा व्यवसाय असून नामकरण हा त्या व्यवसायातून उद्भवलेला छंद आहे. शाळा मी लवकर सोडली. परंतु असंख्य जोडाक्षरे कुंचल्याखालून गेल्यामुळे शब्दांशी माझा बराच परिचय घडला, आणि जो मनुष्य पाटी रंगवून घ्यावयास येई तो जाताना बहुधा नावही माझ्याकडूनच घेऊन जाई. कोपऱ्यावरचे केस कापण्याचे दुकान 'केशकलानिकेतन' झाले ते माझ्यामुळे. सायकलींची पंक्चरे काढणाऱ्या गृहस्थास मी 'चक्रसंजीवनी' हे नाव दिले. त्याने ते आनंदाने स्वीकारले. मात्र पाटी आखूड पडल्याने शेवटचे अक्षर भिंतीवर काढावे लागले. नात्यागोत्यात अपत्य जन्मले की पहिला निरोप माझ्याकडे येतो. आमचे कुटुंब यावर म्हणते की, ह्यांना जन्मभर नावे ठेवण्यापलीकडे काही जमले नाही. हा तिचा विनोद आहे व मी तो दरवेळी सहन करतो.

आमचे चिरंजीव बोटीवर नोकरीस असल्याने वर्षातील पुष्कळ काळ समुद्रावर असतात. घरात आम्ही उभयता आणि सूनबाई. सूनबाई संगणकाचे प्रोग्राम लिहिते. खिडकीजवळच्या मेजावर बसून ती दिवसभर पगाराचे काम करते आणि ते आटोपले की त्याच खुर्चीवर बसून बिनपगारी काम करते. फरक एवढाच की बिनपगारी काम करताना ती पाय वर घेऊन बसते.

या बिनपगारी कामाची ओळख करून देणे अवश्य आहे. 'रांग' नावाचा हा प्रोग्राम लहान दवाखान्यांसाठी आहे. आलेल्या रुग्णास तो क्रमांक देतो आणि पाळी आली की भिंतीवरच्या पडद्यावर तो क्रमांक झळकवितो. तो सर्वांना फुकट असून त्याचे अंतरंगही सर्वांस खुले आहे. कोणीही यावे, पाहावे, दुरुस्ती सुचवावी. दूरदूरच्या गावी राहणारी काही माणसे हे काम मिळून करतात. त्यांनी एकमेकांस प्रत्यक्ष कधी पाहिलेले नाही. एकाने आपल्या चित्राच्या जागी जवळजवळ नुसती दाढीच लावली आहे, म्हणून त्यास सर्व जण दाढीवाला म्हणतात; एका मुलीने मांजराचे छायाचित्र लावले आहे, तिला मनीमाऊ म्हणतात. तिला ते आवडते.

मुख्य मजकुरास ही मंडळी खोड म्हणतात. खोडात कोणी थेट हात घालीत नाही. ज्यास काही नवे करावयाचे असेल त्याने खोडाची एक नक्कल काढावी, तिला फांदी म्हणावे, तीवर हवे ते प्रयोग करावेत, आणि सर्वांस पसंत पडल्यास ती खोडास जोडावी. मला हे तत्काळ समजले, कारण मीही पाटीवर एकदम कुंचला टेकवीत नाही. आधी फळीच्या तुकड्यावर रंग लावून पाहतो. फांदी एकदा जोडली की तिचे काम संपते व त्याच दिवशी ती काढून टाकतात. काम झाल्यावर परांची उतरवितात, तसे. ही त्यांची जुनी रीत आहे. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. मी ठेवली नाही.

खोडास फांदी जोडण्याचा अधिकार, म्हणजे मंडळींच्या भाषेत किल्ल्या, सूनबाईकडे होत्या. 'रांग'ची पहिली ओळ तिने लग्नाआधी वसतिगृहाच्या खाटेवर बसून लिहिली होती, त्यामुळे त्या तिच्याकडे असणे योग्यच होते. परंतु फांद्यांची नावे ठेवण्याचा काही नियम नव्हता. ज्याच्या मनात जे येई ते तो ठेवी. 'नवीन', 'अजून-नवीन', 'शेवटची-दुरुस्ती', 'शेवटची-दुरुस्ती-आता-खरी', 'बघू', 'बघू-नंतर'. व्हावयाचे तेच झाले. सूनबाईने एके दिवशी 'बघू' जोडावयाची ती 'बघू-नंतर' जोडली, आणि एका दवाखान्यात शेवटी आलेल्यास सर्वांत आधी बोलावणे सुरू झाले. उशिरा येणाऱ्यांनी त्या दवाखान्याची मुक्तकंठाने स्तुती केली. लवकर येणाऱ्यांनी काय केले ते सूनबाईने मला सविस्तर सांगितले नाही.

मंडळींची पडद्यावर सभा भरली. मी पाण्याचे भांडे ठेवण्याच्या निमित्ताने मेजाजवळ रेंगाळलो होतो. दाढीवाल्याचे म्हणणे असे की फांद्यांना कामाचे दोन शब्द आणि एक क्रमांक द्यावा, म्हणजे प्रश्न मिटला. सूनबाई म्हणाली, क्रमांकांचाच तर गोंधळ झाला आहे. नावे लक्षात राहतील अशी हवीत. बराच ऊहापोह होऊन ठरले ते असे: नावांची पद्धत सूनबाईने बसवावी, परंतु जाहीर केलेल्या रविवारी नवी आवृत्ती निर्विघ्नपणे बाहेर पडली नाही, तर किल्ल्या दाढीवाल्याकडे जाव्यात. सूनबाईने मान डोलविली व पडदा मिटला. मग तिने पाय खाली सोडले, आणि किल्ल्या गेल्या तर आपण 'रांग'मध्ये राहणार नाही, असे भिंतीकडे पाहून म्हणाली.

मी घसा साफ केला.

तिने माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "बाबा, पाहाच तुम्ही. पण पंक्चरवाल्यासारखं लांबलचक नको."

माझा पहिला प्रयत्न 'दोषपरिमार्जनशाखा' व 'नवोन्मेषपल्लव' या धर्तीचा होता. मनीमाऊने ते शब्द टंकून पाहिले व प्रत्येक वेळी निराळे टंकले. पद्धत मागे घ्यावी लागली. पुढे एका दुपारी एका दुकानाची पाटी रंगवीत असता माझ्या मनात विचार आला की, मनुष्य सगळे विसरेल, परंतु आत्या आणि मावशी यांच्यात त्याची कधी गफलत होत नाही. प्रत्येकीचा स्वभाव निराळा, दरारा निराळा. मग फांद्यांना नातलगांचीच नावे का देऊ नयेत? काम ज्या स्वभावाचे, त्या स्वभावाचा नातलग शोधावा.

ही पद्धत इतकी चपखल बसली की मीच थक्क झालो. रुग्णांस पुन्हापुन्हा आठवण देणाऱ्या फांदीस 'मेहुणे' हे नाव दिले, कारण माझे मेहुणे कोणतीही गोष्ट तिसऱ्यांदा सांगितल्यावाचून संपली असे मानीत नाहीत. पडद्याचे रंगरूप पाहणारी फांदी 'धाकटी-वहिनी'. कागद छापून देणारी 'काका', कारण काकांना काहीही तोंडी सांगितलेले चालत नाही. आणि ज्या फांदीचे काम असे की नाव पुकारल्यावर जागेवर नसलेल्या रुग्णास रांगेच्या अगदी शेवटी पाठवावे, तिला मी 'अक्का' म्हटले. अक्का माझी थोरली बहीण. प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली आणि आजही दुधाच्या दुकानापुढे तिच्या पुढे घुसण्याची कोणाची छाती होत नाही. ती फांदी सूनबाईने स्वतः लिहिली होती.

मंडळी खूश झाली. कोणती फांदी कशाची, हे कोणास विचारावे लागेना. काही दिवसांनी दाढीवाल्याने गैरहजर रुग्णाच्याच प्रश्नावर दुसरा तोडगा काढला: त्यास शेवटी न पाठविता पुढची दोन माणसे झाल्यावर पुन्हा पुकारावे. त्याने विनयपूर्वक विचारले की बाबांना या फांदीसाठी कोणी सुचते का. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. सूनबाईच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई, इतक्या सांभाळून घेणाऱ्या आहेत की दार आपटून गेलेल्या माणसासाठीही त्या चहा झाकून ठेवतात. फांदीचे नाव 'विहीणबाई' पडले.

येथवर सर्व सुरळीत होते. माझ्या हातून चूक घडली ती अशी की, मी हे नातलगांस सांगितले.

'रांग' सर्वांस खुली असल्याने कोणीही आपापल्या फोनवर ती पाहू शकत असे. नातलग पाहू लागले. ही केवळ प्रोग्रामाची फांदी आहे, आपण नव्हे, हे प्रत्येकास पुरते ठाऊक होते आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही. धाकट्या वहिनीने सकाळीच फोन करून विचारले की चार दिवस आपल्या फांदीला कोणी हात का लावला नाही. काकांनी, आपल्या फांदीवर काय काय काम झाले ते कागदावर छापून पाठवावे, अशी मागणी केली. मेहुणे तर रोज संध्याकाळी येऊन प्रगतीची चौकशी करीत, आणि जाताना दारातून पुन्हा करीत.

मग 'मेहुणे' ही फांदी पूर्ण झाली. सूनबाईने ती खोडास जोडली आणि रीतीप्रमाणे काढून टाकली. त्या संध्याकाळी मेहुणे आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. आमच्या कुटुंबाने चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांनी पत्नीस एवढेच सांगितले होते: काम होईस्तोवर मेहुणे, काम झाल्यावर कोण मेहुणे. हे मात्र त्यांनी एकदाच सांगितले, यावरून दुखापतीची खोली कळावी.

आमच्या कुटुंबाने माझ्यापुढे ताट ठेवले ते जरा जोरात ठेवले. "माझ्या भावाला पुसून टाकायला तुम्हाला दुसरं कोणी मिळालं नाही?"

मी सूनबाईकडे गेलो आणि फांद्या काढू नयेत, अशी गळ घातली. तिने मला समजाविण्याचा प्रयत्न केला. परंतु मी सासरा पडलो, आणि माझा चेहरा अशा वेळी फार केविलवाणा होतो. तिने 'मेहुणे' पुन्हा आणून बसविले. तेव्हापासून एकही फांदी काढली गेली नाही. कामे वाढली तशी नावे वाढली. जवळचे नातलग संपले तेव्हा मी चुलत व मावस शाखांत शिरलो. जोडलेले आणि न जोडलेले सर्व शेजारी शेजारी उभे राहिले. मनीमाऊने एक अख्खी संध्याकाळ कधीच जोडून झालेल्या मेहुण्यांवर काम करण्यात घालविली आणि नंतर फक्त एक उदास मांजर पाठविले.

याहून बिकट प्रसंग मात्र अक्का आणि विहीणबाई यांचा होता. दोघींचे काम एकाच जागी होते. दोन्ही फांद्या खोडास जोडल्या तर जागेवर नसलेला रुग्ण शेवटीही जाई आणि मध्येही पुकारला जाई, म्हणजे त्यास दोन पाळ्या मिळत. एकच जोडावयाची होती. फांद्यांखाली जेथे काम करणारे आपले मत लिहितात, तेथे आता अक्काने लिहिले: "पाळी सोडून उठून जाणाऱ्यास पुन्हा बोलावणे म्हणजे बेशिस्तीस खतपाणी घालणे होय." त्याखाली विहीणबाईंनी लिहिले: "अक्का म्हणतात ते अगदी बरोबर आहे. पण माणूस आहे, उठावं लागतं." त्याखाली अक्काने लिहिले: "शाळेत मुले सांगून उठत." हा संवाद जगातला कोणीही मनुष्य वाचू शकत होता आणि पुष्कळ जण वाचत होते.

दोन दवाखान्यांनी दोन्ही प्रकार वापरून पाहिले व निःसंदिग्धपणे कळविले की विहीणबाई बऱ्या. अक्काच्या पद्धतीत एक वृद्ध गृहस्थ जरा प्रसाधनगृहात जाऊन आले ते संध्याकाळपर्यंत बसून राहिले होते. उत्तर स्पष्ट होते, आणि तरीही शनिवार उजाडला तेव्हा सूनबाईने काहीच जोडले नव्हते. विहीणबाईंना जोडावे तर सासरचे म्हणतील, आपल्या आईला पुढे केले आणि आत्याबाईंना घालविले. अक्काला जोडावे तर मंडळी म्हणतील, स्वतःचे लिहिलेले पुढे रेटले; शिवाय रुग्णांचे हाल व्हायचे ते निराळेच. ती पाय खाली सोडूनच बसली होती. दुपारी दाढीवाल्याने लिहिले: उद्या रविवार आहे. आणि त्याखाली, मला वाटते प्रामाणिकपणे, विचारले: या अक्का कोण आहेत आणि त्यांना नेमके काय हवे आहे?

सूनबाईने ते मला वाचून दाखविले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "बाबा, मी किल्ल्या देऊनच टाकते. घरात कोणाला वाईट वाटण्यापेक्षा ते बरं."

मी चपला घातल्या.

अक्का दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या खोलीत सर्व खुर्च्या भिंतीस समांतर असतात आणि घड्याळ पाच मिनिटे पुढे असते, ते तिच्यासाठी नव्हे, येणाऱ्यांसाठी. ती मेजापाशी चष्मा लावून फोनकडे पाहत बसली होती. मी वाटेत एक प्रस्तावना रचली होती, तिचा आरंभ केला.

"सरळ बोल," अक्का म्हणाली. "आणि त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते."

"अक्का, तुझी फांदी जोडता येत नाही."

"कोणी ठरवलं?"

मी दवाखान्यांचे सांगितले. त्या वृद्ध गृहस्थांचेही सांगितले. तिने विचारले की ते सांगून का गेले नाहीत. मी म्हटले, "कोणाला सांगणार, अक्का? भिंतीवरच्या पडद्याला?"  चष्मा काढून तिने पदराने पुसला. अक्का कधी कधी स्वतःस उत्तर देते ते अशा वेळी.

"म्हणजे त्यांची राहणार आणि माझी जाणार."

"नाही. जोडली की त्यांचीही काढायची. रीतच तशी आहे. मीच मोडायला लावली. उद्या सगळ्यांच्या निघणार. मेहुण्यांचीसुद्धा."

"मेहुण्यांचीसुद्धा?" अक्काने चष्मा पुन्हा लावला. तिची मुद्रा किंचित निवळली, हे मला लपविता येत नाही. मग तिने बोटाने फोन पुढे सरकविला. "पण जोडल्याची नोंद राहते. मी रोज वाचते ना. त्यात विहीणबाईंचं नाव कायमचं राहणार."

मी कबूल केले की राहणार. खोटे बोलून निभावले नसते, कारण ती खरोखरच रोज वाचत असे.

"मग माझंही राहू दे. वाढवून नको, जे झालं तेच. माझी फांदी आधी सुरू झाली होती की नाही?"

"होती."

"म्हणजे रांगेत मी आधी होते. आणि मी त्यांना पुढे जाऊ दिलं. एवढं लिही म्हणावं सूनबाईला." ती उठून घड्याळापाशी गेली. उगीचच त्याची काच पुसली आणि पाठमोरी म्हणाली, "तिला सांग, किल्ल्याबिल्ल्या कोणाला द्यायच्या नाहीत. शाळेत मी कधी दिल्या नव्हत्या."

मी परत आलो तो जवळजवळ धावतच. सूनबाईने सर्व ऐकून घेतले. मग तिने पाय वर घेतले.

रविवारी सकाळी 'विहीणबाई' खोडास जोडली गेली. नोंदीत सूनबाईने लिहिले: 'जागेवर नसलेल्या रुग्णास दोघांनंतर पुन्हा पुकारणे. रांगेत अक्का आधी होत्या. त्यांनी वाट दिली.'  दाढीवाल्याने लिहिले की आपल्यालाही एक आत्या आहे, आणि तिने जन्मात कोणाला वाट दिलेली नाही. सबब किल्ल्या आहेत तेथेच राहाव्यात. मनीमाऊने नाचणारे मांजर पाठविले. त्यानंतर सूनबाईने एकेक करून सर्व फांद्या काढल्या. धाकटी वहिनी, काका, सर्व चुलत, सर्व मावस. मेहुण्यांच्या वेळी तिने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. आवृत्ती बाहेर पडली आणि कोणत्याही दवाखान्यात कोणी कोणास मारले नाही.

मेहुण्यांकडे मी स्वतः गेलो व त्यांना नोंद दाखविली, जीत त्यांची फांदी जोडल्याची तारीख कायमची आहे. त्यांनी ती तीनदा वाचली आणि संध्याकाळी चहास आले. विहीणबाईंनी अक्कास आभाराचा फोन केला तेव्हा अक्का म्हणाली, असे समजते, "या वेळेपुरतं."

फांद्यांना आता दाढीवाल्याच्या पद्धतीने नावे देतात. कामाचे दोन शब्द आणि एक क्रमांक. नावे रुक्ष आहेत, परंतु ती पुसली असता कोणी चहास यावयाचे थांबत नाही, हे मला मान्य करावे लागते.

एक गोष्ट मात्र मनास लागून राहिली होती. इतक्या नातलगांस फांद्या वाटल्या आणि आमच्या कुटुंबास एकही दिली नव्हती. तिने कधी विषयही काढला नव्हता. ती धुतलेली भांडी फळीवर लावीत असता मी तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो की, फांदीचे सोड, सूनबाईस सांगून खोडासच तुझे नाव देववितो. सर्व काही शेवटी त्यासच येऊन मिळते, त्याहून मोठा मान नाही.

तिने हातातले पातेले पालथे ठेवले. "नको हो," ती म्हणाली. "सगळे येऊन मलाच चिकटतात, ते घरात होतंय तेवढं पुरे आहे."